तायकिळो काडूं?

मृगाचा पाऊस लागून थोडे दिवस झाले, की ती येते. मागच्या दाराला, पुढच्या दाराला कधीच नाही. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, कंबरेला खोचलेला पदर, हातात रिकाम्या पिशव्या. गडग्यापलीकडे, म्हणजे परसाच्या दगडी कुंपणाबाहेर, उभी राहून हाक घालते, "बाये, तायकिळो काडूं?" तायकिळो म्हणजे टायकिळा, पावसात आपोआप उगवणारी रानभाजी. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐसपैस आवाजात सांगते, "काड गे, विचारतेस काय!" मग ती गडगा ओलांडते, वाकते, आणि पुढचा तासभर तिची पाठ तेवढी दिसत राहते. यंदाही असंच झालं. त्याच आठवड्यात शुक्रवारी मी म्हापशाला गेले होते. बाजारात मिरच्यांच्या रांगेच्या टोकाला ती बसलेली, पुढ्यात टायकिळ्याच्या जुड्या, केळीच्या सोपटानं घट्ट बांधलेल्या, वर पाणी शिंपडलेलं. मी एक जुडी उचलली. भाव तीस रुपये. माझ्याकडे बघून ती हसली, पण भाव काही उतरला नाही, आणि मीही पैसे मोजून दिले. गाडीत बसल्यावर मला हसू फुटलं. आमच्या परड्यात फुकट उगवलेलं मी तीस रुपयांना विकत घेऊन परत आमच्याच परड्याकडे चालले होते.

अस्नोडा मागे पडेपर्यंत ते हसू ओसरलं आणि दुसरंच काहीतरी टोचायला लागलं. तीस रुपये नव्हेत. ते तिच्या वाकण्याचे आणि निवडण्याचे होते, शिवाय पहाटेच्या बसच्या तिकिटाचे, स्वस्तच म्हणायचे. टोचत होतं ते तिचं विचारणं. जी गोष्ट मी पेरली नाही, जिला कधी पाणी घातलं नाही, जी नसती आली तरी मला कळलं नसतं, तिच्यासाठी ही बाई दर वर्षी गडग्याबाहेर उभी राहून माझी परवानगी का मागते? आणि ती परवानगी देताना मला इतकं बरं का वाटतं?

आमचं परडं विहिरीपासून सुरू होऊन वर सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळाच्या, पायथ्याला टेकतं. वरच्या अंगाला पणजोबांच्या काळी नाचणी व्हायची म्हणतात. पुढे गुरं होती तोवर चराईला उपयोग झाला. आता गुरंही नाहीत. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, काढला तर त्या भागापुढे पोटखराब अशी नोंद आहे. माडांची नोंद आहे, फणसांची आहे, जो आंबा वीज पडून गेला त्याचीही अजून आहे. पण जून ते ऑक्टोबर तिथं जे काही उगवतं त्याला त्या कागदावर रकाना नाही. मी पणजीत नोकरी करते, शनिवार-रविवारी गावी येते, त्यामुळे मला हे परडं हप्त्याहप्त्यानं दिसतं. दर वेळी ते वेगळं असतं. मे महिन्यात नुसती तांबडी माती, चिऱ्यांची खडी आणि वाळक्या काड्या. पहिल्या दोन-चार सरींनंतर त्या मातीवर हिरवी बुरशी धरल्यागत काहीतरी दिसतं. उकिडवं बसून बघावं तर ती टायकिळ्याची रोपं असतात, दोन गोल दळांची, एकमेकांना खेटून, वाळकी काडी बाजूला सारत वर आलेली. पुढच्या शनिवारी त्यांना खरी पानं फुटलेली असतात: समोरासमोर जोड्या, टोकाला रुंद आणि देठाकडे निमुळत्या. दिवेलागणीला ती पानं मिटतात. जोडीतली दोन्ही पानं वरच्या बाजूनं एकमेकांना चिकटून खाली लोंबतात, आणि दिवसा हिरवं दिसणारं परडं संध्याकाळी एकदम विरळ वाटायला लागतं. लहानपणी आम्हाला सांगितलेलं, निजलेली भाजी खुडायची नाही. त्यामागं पाप-पुण्य किती आणि अंधारात सापावर हात पडू नये ही काळजी किती, कोण जाणे.

खुडायचा तो शेंडा. अंगठ्याचं नख लावलं की टक् करून तुटला पाहिजे; वाकला, तंतू निघाला, तर ती भाजी गेली. हाताला एक उग्र, हिरवट वास राहतो, साबणानंही पटकन जात नाही. शिजल्यावर मात्र तो जातो आणि मेथीच्या जवळचा हलका कडवटपणा उरतो. आमच्याकडे बारीक चिरून, कांदा, हिरवी मिरची, ठेचलेल्या फणसाच्या बिया, झाकणावर पाणी ठेवून वाफ, आणि शेवटी मूठभर खोबरं. राई-हिंग घालणारे घालतात. माझ्या मते ती भाजीवर केलेली दादागिरी आहे. हा सगळा खेळ आषाढ सरेपर्यंतचा. त्यानंतर पान जून होतं, पिवळी फुलं येतात, मग लांब बाकदार शेंगा, आणि गुडघ्याच्या वर आलेल्या त्या झुडपांकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्या शेंगांतलं बी काही लोक भाजून कॉफीसारखं पितात. मी एकदा पिऊन पाहिली. पुन्हा प्यायले नाही.

टायकिळा तसा भोळा. तेऱ्याचं तसं नाही. विहिरीच्या मोरीपाशी, जिथं ओल कधी हटत नाही, तिथं रानचं अळू माजतं. त्याच्या देठात आणि पानात चुन्याच्या जातीचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला खाजतात. आई हाताला खोबरेल चोळून चिरायला बसायची आणि तेवढा वेळ कुणाशी बोलायची नाही, कारण बोलताना नाकाला हात गेला की संपलं. भाजीत आंबाडे पडत, नाहीतर सोलं, नाहीतर बिंबलं. आंबटाशिवाय तेरं चुलीवर चढवायचं नाही हा कायदा. शिजल्यावर पहिला घास तिचा. ती थोडा वेळ नुसती थांबायची, आम्ही तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. तिनं मान हलवली की जेवण वाढलं जायचं.

मान हलली नाही, असंही व्हायचं.

या जेवणाच्या आठवणी मी सांगायला लागले की आत्या गप्प होते. ती मुंबईला असते, आता ऐंशीला टेकली. तिच्यासमोर टायकिळ्याची भाजी आली की ती ताट किंचित पुढे सारते, काही बोलत नाही. एकदा बोलली. तिच्या लहानपणीची ती मुक्तीच्या आधीची वर्षं, भारतानं गोव्याची नाकेबंदी केली होती तेव्हाची. घरातलं भात जूनमध्ये तळाला गेलेलं, शेतातलं दसऱ्याच्या सुमाराशिवाय येणार नाही. बाजारात भाजी नाही, असली तरी घ्यायला पैसे नाहीत. पावसात होड्या समुद्रात जात नाहीत. हल्ली 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला कायद्यानं बंदी असते, तेव्हा ती बंदी समुद्रच घालायचा. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, खारी मासळी, सोलं, लोणच्याची बरणी, आणि ताटात रोज दुपारी टायकिळा. "भात एवढासा आणि भाजी ढीगभर," आत्या म्हणाली, "आणि तुमची आजी वर सांगायची, पोटाला बरी असते. बरी असते म्हणे! दुसरं होतं काय?" तिची नात रानभाजी महोत्सवाला गेली होती, तिथं तीच भाजी पळसाच्या पानावर मांडलेली, सत्तर रुपये प्लेट. तो फोटो आत्याला दाखवला. तिनं चष्मा वर करून नीट बघितला आणि विचारलं, "यात भात किती होता?"

तेव्हापासून मी 'आपल्या पूर्वजांचं शहाणपण' वगैरे बोलताना जरा जपून बोलते. शहाणपण होतंच. कुठलं पान कोणत्या पंधरवड्यात खायचं, कशाबरोबर शिजवायचं, कुठल्या वेलाला हात लावायचा नाही, हे काही कुणी आभाळातून सांगितलेलं नाही. कुणीतरी खाऊन, घसा खाजवून, पोट बिघडून ते शिकलं. पण त्या शिकण्यामागे भूक होती, आणि भूक वजा करून नुसतं शहाणपण वर काढता येतं असं मानणारे आपण बहुतेक पोट भरल्यावर परड्यात फिरायला जाणारे असतो. मीही त्यातलीच. मला टायकिळा आवडतो, मनापासून आवडतो. पण नाही आवडला तरी फ्रीजमध्ये फुलकोबी असतो.

औषधांचंही तसंच. आमच्या परड्यातल्या निम्म्या पाल्याला काही ना काही गुण लावलेला आहे. नळाच्या वहाळाशी एकपानी पसरते, तिची ताकातली तंबळी उन्हाळ्यात खरोखर सुंदर लागते. बुद्धी वाढते की नाही ते माझ्याकडे बघून सांगता येणार नाही. खरचटलं की दगडीपाला चोळायचा, कोयती लागली की रानमोडीची पानं चुरगाळून दाबून धरायची. रक्त थांबतं, हे मी स्वतःच्या पायावर बघितलं आहे. भुईआवळा मात्र बघितला की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या नात्यातल्या एकाला कावीळ झाली तेव्हा घरच्यांनी कितीतरी दिवस त्याला भुईआवळ्याचा रस पाजला, 'इंग्रजी औषध चालत नाही' म्हणून दवाखाना टाळला. कावीळ हा एकच आजार नव्हे. डोळे पिवळे होण्यामागं विषाणू असू शकतो, पित्ताच्या नळीतला खडा असू शकतो. त्याचा खडा निघाला. माणूस वाचला, पण त्या पाल्यानं वाचला नाही.

आणि यातलं गावठी तरी किती? दगडीपाला मेक्सिकोकडचा. रानमोडी, लाजाळू, कुंपणावरची घाणेरी, सगळे अमेरिका खंडातून आलेले. काजूही तिकडचाच, पण त्याला आता परका म्हणायची कुणाची छाती आहे? रानमोडी तर आली आणि तिनं सड्याच्या उतारावर मांड ठोकली, तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही. तरी कोयती लागल्यावर माणूस तिच्याकडेच धावतो. इतक्या पिढ्यांत गोव्याच्या बायाबापड्यांनी ही परदेशी झुडपं चाखून, चोळून, हुंगून त्यांना आपल्या यादीत घेतलं, हे मला फार आवडतं. परकं-आपलं ठरवायला त्यांनी कुणाच्या पोथीची वाट पाहिली नाही.

पोथ्या लिहिणारे मात्र त्यांच्याकडून घेऊन गेले. पणजीला चर्चसमोरच्या ज्या बागेत आपण बाकावर बसून शेंगदाणे खातो, तिला गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं नाव आहे. 1534 मध्ये तो गोव्यात आला, इथंच राहिला, आणि 1563 मध्ये इथल्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा ग्रंथ गोव्यातच छापून निघाला. दोन विद्वानांच्या संवादाच्या रूपात तो लिहिलेला आहे. फळं, साली, मुळ्या, राळ, एकेकाचा किस काढत दोघे बोलत असतात. या संवादांत अधूनमधून अंतोनिया नावाची त्याच्या घरची दासी येते. मालक सांगतो अमुक आण, ती आणून देते, आणि निघून जाते. ती वस्तू कुठं मिळते, कशी ओळखायची, हे तिला ठाऊक असणार, नाहीतर तिनं आणली कशी? पण ते तिला कुणी विचारत नाही. बागेला नाव कुणाचं पडलं हे आपल्याला माहीतच आहे.

परड्याकडे सगळ्यांना, अगदी टायकिळ्याला नाक मुरडणाऱ्यांनाही, वर्षातून एकदा बघावंच लागायचं, ते चवथीच्या आधी. माटोळी ही आम्हा मुलांची वार्षिक परीक्षा असे. गणपतीच्या वर टांगलेल्या त्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचा घड, तोरिंगण, चिबूड बांधणं हे मोठ्यांचं काम. रानातला माल आणायला पोरं. कांगलांचे घोस, लालबुंद कवंडळं, खुळखुळणाऱ्या घागऱ्या, कुंभ्याची फळं. काका पुढे, आम्ही मागे. कवंडळ दिसायला एवढं गोजिरं की तोंडात घालावंसं वाटतं, म्हणून काका दर वर्षी तेच वाक्य म्हणायचा: "देवाक बांदपाचें, आमी खावपाचें न्हय." वाघनखीचं पेटलेलं फूल दाखवायचा आणि लगेच तिच्या कंदानं माणूस मरतो हेही सांगायचा. खाण्याचं, न खाण्याचं, लावण्याचं आणि नुसतं बघण्याचं, असं सगळं रान त्या दोन दिवसांत डोळ्यांखालून जायचं. जे मिळालं नाही ते त्या वर्षी चौकटीत दिसायचं नाही, आणि येणारा-जाणारा मान वर करून विचारायचा, "कांगलां मेळूंक नात?" म्हणजे घराच्या आसपास काय उरलं, काय गेलं, याचा हिशेब देवासमोर टांगलेला असे. आता चवथीच्या आधी म्हापशाला माटोळीचा बाजार भरतो, सगळं तिथं मिळतं, आणि आम्हीही तिथूनच आणतो. कला आणि संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धा असते. तिच्यासाठी लोक रानं पालथी घालून शेकडो तऱ्हेचे जिन्नस जमवतात, ते बघायला मी आवर्जून जाते. थक्क होते. पण आमच्या चौकटीत कांगल नसलं, तर आता त्याचा अर्थ एवढाच होतो की मी बाजारात उशिरा गेले.

एवढं सगळं डोक्यात घोळवूनही तिच्या विचारण्याचा काटा निघाला नव्हता. मी त्याचा आपला एक अर्थ लावून ठेवला होता. भाटकारांचा, म्हणजे जमीनमालकांचा काळ, त्यांच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांचा काळ, दुसऱ्याच्या जमिनीतली काटकीही विचारल्याशिवाय उचलायची नाही ही पिढ्यान्पिढ्यांची धास्ती. 1975 मध्ये मुंडकारांसाठी कायदा झाला, राहत्या घरातून हाकललं जायची भीती सुटली, पण गडग्याबाहेर थांबायची सवय काही सुटली नाही, वगैरे. पणजीला बसमध्ये बसून असे अर्थ फार छान लागतात. शेवटी परवा ती पुन्हा आली तेव्हा मी चहा केला आणि सरळ विचारलं, "दर वर्षी विचारतेस कशाला? मी कधी नको म्हटलंय?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच शहरातली.

"विचारिनासतना कशें काडटलें? हालीं लोक तणाक वखद मारतात. मारलां जाल्यार हांवें तें बाजारांत कशें व्हरचें? लोक खातात गे तें."

मग बशीत चहा ओतत तिनं पुढचं सांगितलं. खालच्या वाड्यावर एका बंगल्याच्या मागे टायकिळा असा तरारला होता की बघत राहावं. ती खुडायला वाकणार, तर तिथल्या माळ्यानं हटकलं: तीनच दिवसांपूर्वी तणनाशक फवारलंय. तिला नुसत्या डोळ्यांनी कळलं नसतं. ग्लायफोसेट पानातून आत शिरतं, मुळापर्यंत उतरतं, आणि पान पिवळं पडायला आठवडा जातो. तोवर वरून सगळं हिरवंगार. जुन्या बाया पानाचा वास घेऊन, नखानं मोडून सांगत भाजी कोवळी की जून. या विषाला ना वास ना नखाला काही लागणं. म्हणून ती आता मालकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय हात घालत नाही. ज्या घरात कुणी राहत नाही, नुसती कुलपं असतात, तिथं भाजी कितीही माजली तरी सोडून देते. अशी घरं आमच्या गावात वाढत चालली आहेत, हेही तिनंच सांगितलं, आणि कुठली कुठली ते बोटांवर मोजून.

म्हणजे मी इतकी वर्षं खिडकीतून जे मोठ्या मनानं सांगत होते, ते तिला औदार्य म्हणून नकोच होतं. तिला माहिती हवी होती. तीही मी नीट देत होते असं नाही, कारण सोमवार ते शुक्रवार परड्यात कोण येतं, काय करतं, हे मला तरी कुठं ठाऊक असतं? गवत कापायला येणारा मशीनवाला दादाशी परस्पर फोनवर बोलतो. दादा दुबईला. मशीननं पावसात तीनदा कापावं लागतं, प्रत्येक वेळी मजुरी. औषध एकदाच मारलं की काम झालं, असं त्यानं दादाला गेल्या वर्षीच सुचवलेलं आहे. दादाच्या मनात तिथं पेव्हर घालून गाड्या लावायची सोय करायची आहे, एका बाजूला लॉन, आणि घर पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं. तो वाईट माणूस नाही. माडांना पाणी कोण घालणार, छप्पर कोण शाकारणार, या प्रश्नांना माझ्याकडेही उत्तर नाही, आणि सातबारा असो की एक-चौदा, त्यावर त्याचंही नाव आहे.

मी त्याला फोन केला. औषध मारायचं नाही एवढं तरी कबूल कर म्हटलं, भाजी काढायला माणसं येतात. "कसली भाजी?" त्यानं विचारलं. टायकिळा म्हटल्यावर तो हसला, आणि मग बराच वेळ आईच्या हातच्या फणसाच्या बियांबद्दल बोलत राहिला. तिकडे मिळत नाहीत म्हणाला. कुणी येणार असेल तर त्याच्याबरोबर पाठव म्हणाला. परड्याचं काय, म्हणून मी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, दिवाळीला येतो, पाऊस गेल्यावर उभं राहून बघू आणि ठरवू. दिवाळीपर्यंत तिथं वाळक्या काड्यांशिवाय काही नसतं. मी त्याला म्हटलं, बघायचंच असेल तर जूनमध्ये ये. जूनमध्ये विमानाची तिकिटं महाग असतात म्हणाला, पोरांच्या सुट्ट्या असतात ना तेव्हा. मशीनवाल्याला मात्र मी माझ्यापुरतं सांगून टाकलंय की काहीही फवारायचं झालं तर आधी मला विचारायचं.